पाठीवरची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी, पायांनी चालवायची शिलाई मशीन आहे. हल्ली माझ्यासारख्या मशिनींच्या लोखंडी पायांवर फळी ठोकतात आणि वर कुंड्या मांडतात, म्हणून तुम्ही मला पाहिलं असेल पण ओळखलं नसेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. ओळख दाखवणारे मला पुष्कळ भेटले आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तिरसट आहे. माणसं कापडाची उलटी बाजू लपवतात आणि माझा अर्धा जन्म त्या उलट्या बाजूकडे बघण्यात गेला. मग जिभेला धार यायचीच.

एका मोठ्या ओतशाळेत माझा जन्म झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझं अंग घडवलं, कानशीनं घासून गुळगुळीत केलं आणि वर काळंभोर रोगण चढवलं. मग एका बाईनं बारीक कुंचल्यानं माझ्यावर सोनेरी वेल काढली. तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. शिंकेसरशी तिचा हात हलला आणि एक पान वाकडं झालं. तिनं ते पुसलं नाही. त्याला एक देठ जोडला आणि पुढे गेली. तपासनिसानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल." माझ्याबद्दल कुणी काढलेला तो पहिला उद्गार.

मला ज्यांनी घरी आणलं त्यांना सगळे मास्तर म्हणत, जसं शिंप्याला म्हणतात. तेव्हा ते ऐन तरुण होते. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे हा त्यांचा हट्ट, म्हणून मला खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या रस्त्यापलीकडे लाकडांची वखार होती. दिवसभर तिथली करवत ओरडायची आणि मी इकडे गुणगुणायचे. मी शाळेचे गणवेश शिवले, दवाखान्याचे पडदे शिवले, बँडवाल्यांचे लाल कोट शिवले, तान्ह्या बाळांची झबली शिवली. मास्तरांचं एकच म्हणणं असे: "कापड फाटलं तरी चालेल, टीप सुटता कामा नये." माझी टीप कधी सुटली नाही. लोक कौतुक करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आमच्या गावात हिवाळा कडक. पहाटे पाण्याच्या टाकीवर काचेसारखा थर धरायचा आणि शाळेत येणारी काही पोरं खांद्यावर पोतं पांघरून यायची. एका वर्षी शाळेतल्या बाईंना ते बघवेना. हिवाळ्याच्या सुट्टीआधी त्या दारोदार हिंडल्या, लोकांच्या कपाटांतले जुने कोट मागून आणले आणि आमच्या दुकानात त्यांचा ढीग घातला.

"मास्तर, हे उसवून पोरांच्या मापाचे होतील का?"

"होतील. पण पोरं कुठायत? माप घ्यायला नको?"

मग पोरं आली. मास्तरांनी प्रत्येकाच्या खांद्याला टेप लावली, बाही मोजली, "वाढतोयस का रे?" म्हणून विचारलं आणि वाढणाऱ्यांच्या बाहीत जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं. एक मुलगा म्हणाला, खिसा मोठा पाहिजे, मांजर मावेल एवढा. मास्तर हसले नाहीत. "मांजर मोठं की पिल्लू?" एवढंच विचारलं आणि तसा खिसा लावून दिला. सुट्टी लागायच्या दिवशी पोरं आली, कोट घातले आणि पळाली. भाषण नाही, टाळ्या नाहीत. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि त्या मास्तरांना म्हणत होत्या, "पुढच्या वर्षी जरा लवकर सुरू करू या हं."

मित्रांनो, तो सोहळा असाच चालला असता तर माझी जीभ अशी कडवट झाली नसती. काही वर्षं चाललाही. मग बाई निवृत्त झाल्या आणि लांब आपल्या भावाकडे राहायला गेल्या. त्यांची पाठ फिरायचा अवकाश, आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. हा नागोबा म्हणजे समोरच्या वखारीचे मालक. त्यांनी एक मंडळ काढलं, स्वतःच त्याचे अध्यक्ष झाले आणि मुलांना कोट वाटण्याची प्रथा मंडळाच्या पदरात घेतली. पदर मंडळाचा, पण त्याला गाठ अध्यक्षांच्या नावाची.

अध्यक्षांचं वर्णन काय करू? माणूस वाईट होता असं म्हणवत नाही. वाईट व्हायलाही स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाकडे लक्ष द्यावं लागतं. त्यांना मुलं आवडत, पण रांगेत उभी असली तरच. बोलताना ते "गोरगरीब" हा शब्द असा उच्चारायचे, जशी एखादी वस्तू त्यांच्या वखारीत मिळते आणि आणखी कुठं मिळत नाही.

पहिल्याच वर्षी ते दुकानात आले आणि जुने कोट पायानं बाजूला सारले.

"जुनं काही नको, मास्तर. आपण नवीन देऊ. सगळ्यांना एकसारखे."

"चांगलंय की, साहेब."

"रंग पिवळा. मोहरीसारखा. हॉलच्या शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे."

"आणि मापं?"

"लहान, मध्यम, मोठा. बास."

"खिसे?"

"खिसे कशाला? त्यात ठेवायला आहे काय त्यांच्याकडे?" असं म्हणून ते स्वतःच हसले. त्यांच्यासोबत आलेला चिटणीसही हसला. त्याला कशावर हसायचं ते अध्यक्षांच्या तोंडाकडे बघितल्यावर कळायचं.

मास्तर हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. मूग गिळून बसले. वर्षातलं सर्वांत मोठं काम होतं ते, आणि घरात खाणारी तोंडं होती. मला तेव्हा त्यांचा राग आला. एरवी गिऱ्हाइकाचं एक बटण वर-खाली झालं तरी वाद घालणारा हा माणूस, "चांगलंय की" म्हणून गप्प बसला.

पण मुख्य गोष्ट पुढेच होती. अध्यक्षांनी पेंटरकडून पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या रंगवून आणल्या. प्रत्येक पट्टीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत मंडळाचं नाव आणि पुढे "यांजकडून सप्रेम भेट". ही पट्टी प्रत्येक कोटाच्या पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत शिवायची. तुम्ही स्टीलच्या घागरीवर, बागेतल्या बाकावर, शाळेतल्या पंख्यावर अशी अक्षरं पाहिली असतील. बाकाला लाज नसते. घागर काही शाळेत जात नाही.

कोट वाटायचा कार्यक्रम हॉलमध्ये व्हायचा. मी दुकानातच असायचे, पण मास्तर परत आले की पडद्याआडच्या बाईसाहेबांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळं सांगायचे आणि मला ऐकू यायचं. मुलांना मंचावर ओळीनं उभं करायचे, कोट घालायला लावायचे आणि मग अध्यक्ष म्हणायचे, "बाळांनो, पाठ करा." मुलं लोकांकडे पाठ करून उभी राहायची. पट्ट्या दिसायच्या. टाळ्या पडायच्या. फोटोग्राफर फोटो काढायचा. तो फोटो मंडळाच्या कचेरीत टांगायचे. एका वर्षीचा फोटो दुसऱ्या वर्षीच्या फोटोपासून वेगळा ओळखायचा कसा, हे अध्यक्षांनाच ठाऊक, कारण त्या फोटोंत एकाही मुलाचा चेहरा नव्हता. नुसत्या पाठी, आणि मधोमध कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे असलेले अध्यक्ष.

मी खिडकीशी होते, त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. सुट्टीनंतर शाळा सुरू व्हायची. दात वाजवणारी थंडी असायची आणि पोरं पुन्हा पोत्यात. पिवळा कोट क्वचित दिसायचा, आणि ज्याच्या अंगावर तो दिसायचा त्याच्यामागून इतर पोरं "सप्रेम भेट आली, सप्रेम भेट आली" म्हणत चालायची. एकदा एक आई कोट घेऊन दुकानात आली. "मास्तर, एवढी पट्टी काढून द्या ना. पोरगं घालतच नाही." मास्तरांनी रस्त्यापलीकडे वखारीकडे पाहिलं आणि मान हलवली. ती घरी गेली आणि तिनं स्वतःच पट्टी ओढली. पण टीप माझी होती. पट्टी निघाली नाही, कापडच फाटलं. नंतर बरेच दिवस तो मुलगा पाठीवर ठिगळ लावलेला कोट घालून जायचा. ठिगळ त्याला चाललं.

वर्षं गेली. मास्तरांची बायको वारली. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण नजर काही परतली नाही. माणसं त्यांना आकारांवरून कळायची आणि कापड बोटांवरून. त्याच सुमारास त्यांची लेक माहेरी परत आली. नवरा कामासाठी म्हणून दूर गेला होता तो गेलाच. निरोप नाही, खबर नाही. सोबत तिची मुलगी होती. पोरीचं खरं नाव शाळेपुरतं, घरात सगळे तिला चिंगी म्हणत. लेक लहानपणी माझ्या पायदानावर बसून खेळली होती. आता ती माझ्यापुढे स्टुलावर बसली आणि कामाला लागली. तिचा हात बापापेक्षा हलका होता, तोंड मात्र बापापेक्षा बरंच जड.

त्या वर्षी मंडळानं ठरवलं की प्रथेचं पंचविसावं वर्ष थाटात करायचं. बाईंची वर्षं त्यांनी धरलीच नव्हती. अध्यक्षांचा एक मोठा बेत ठरला. मास्तरांचा सत्कार करायचा आणि मला, म्हणजे या मशीनला, मंचावर ठेवायचं. अध्यक्षांच्या सौभाग्यवती मला बघायला आल्या. ही बाई नाकानं कांदे सोलणारी. रुमालानं माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "जरा पॉलिश करा हिला. आणि लाल रिबीन बांधू या. गोड दिसेल." माझं वजन तुम्हाला ठाऊक नसेल. मला गोड म्हणणारी ती पहिलीच आणि शेवटची.

कोटांचं काम सुरू झालं. पिवळे कोट शिवून झाले, पट्ट्या लावायच्या राहिल्या. एका दुपारी चिंगी शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, "आई, या वर्षी मलापण कोट आहे. मोठ्या सरांनी माझं नाव दिलं."

लेकीचा पाय पायदानावरच थांबला.

"तुला कोण म्हणालं, तुला पाहिजे म्हणून?"

"कोणी विचारलंच नाही. सर म्हणाले, ज्यांचे बाबा नाहीत त्यांना."

"तुला बाबा आहेत."

"कुठे?" चिंगीनं विचारलं. तिनं ते उद्धटपणानं विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

लेकीनं तिला आत खायला पाठवलं. मास्तर कोपऱ्यात खुर्चीवर बसून बटणं चाचपून वेगळी करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा, मी माझ्या पोरीच्या पाठीवर ही पट्टी शिवणार नाही."

"तिच्यावर नको शिवूस. एक कोट कमी पडला तर कोणाला कळतंय?"

"आणि बाकीच्यांच्या?"

"बाकीच्यांच्या इतकी वर्षं शिवल्याच की आपण."

"तेच म्हणतेय मी."

मास्तरांच्या हातातली बटणं खाली सांडली. ती उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले, जणू वर बघायचं त्यांना नकोच होतं. खालूनच म्हणाले, "काम गेलं तर खायचं काय? जरा विचार कर. त्या माणसाचं मन दुखवून या गावात दुकान चालत नाही."

"त्याला मन असतं तर एव्हाना दुखलं असतं."

मला हे वाक्य फार आवडलं. तशी मी फारशा वाक्यांवर खूश होत नाही.

त्यावर बोलणं थांबलं. मास्तरांना वाटलं, लेक वळली. दुसऱ्या दिवशी तिनं पट्ट्या शिवायला घेतल्या तेव्हा मलाही तसंच वाटलं आणि ती माझ्या मनातून उतरली. पण शिवण्याआधी तिनं माझ्या वरच्या दोऱ्याचा स्क्रू आवळला, खालचा दोरा ढिला केला आणि टाका होईल तेवढा लांब ठेवला. मित्रांनो, याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगते. असा टाका म्हणजे देखल्या देवा दंडवत. दिसायला टीप, पण वरचा दोरा कापडावर नुसता सरळ पडलेला असतो. त्याचं टोक धरून ओढलं की अख्खी टीप सरकन निघून येते आणि कापडाला ओरखडाही उठत नाही. पट्टीच्या वरच्या कडेला एक टीप, खालच्या कडेला एक टीप, आणि दोन्हींची टोकं तिनं कॉलरच्या खाली लोंबती ठेवली.

उभ्या आयुष्यात मला असं काम कुणी सांगितलं नव्हतं. कच्चा टाका घालणाऱ्या मशिनींना मी नेहमी हसत आले होते. पहिल्या पट्टीला माझी सुई अडखळली. दुसरीलाही. मग मात्र मी असे कच्चे टाके घातले, असे कच्चे, की नुकत्याच शिकणाऱ्या पोरीलाही लाज वाटावी. तेवढ्या अभिमानानं मी बँडवाल्यांचे कोटही शिवले नव्हते.

चिंगीला तिनं जवळ बोलावून दोऱ्याचं टोक दाखवलं. "घरी गेल्यावर हे ओढायचं. वर्गातल्यांनाही सांग. पण घरी गेल्यावर, कळलं?"

"आणि पट्टीचं काय करायचं?"

"चुलीत घाल, पाटी पुस, काय हवं ते कर."

लेकीचा हिशोब सरळ होता. अध्यक्षांना त्यांचा फोटो मिळेल, पोरांना कोट मिळेल, बापाला सत्कार मिळेल आणि कोणाला काही कळणार नाही. हिशोब चुकला तो एका गोष्टीपायी. अध्यक्ष किती लांब भाषण करतात, हे तिनं धरलंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मला हातगाडीवर घालून हॉलमध्ये नेलं. मंचावर मागच्या बाजूला ठेवलं आणि खरोखरच लाल रिबीन बांधली. समोर गाव जमलं होतं. मास्तर धुतलेला शर्ट घालून खुर्चीवर बसले होते. लेक खाली तिसऱ्या रांगेत होती. पिवळे कोट घातलेली मुलं मंचाच्या बाजूच्या अरुंद जिन्यावर एकामागे एक उभी होती, प्रत्येकाच्या नाकासमोर पुढच्याची पाठ. मला ती माझ्या जागेवरून स्वच्छ दिसत होती.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आपण लहानपणी किती थंडी सोसली ते त्यांनी सांगितलं. वखारीच्या मालकाचा मुलगा लाकडांच्या गावात थंडीनं कसा काकडला असेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मग दान म्हणजे काय ते सांगितलं. मग उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं सांगितलं आणि त्यावर टाळ्या याव्यात म्हणून थांबले. चिटणिसानं टाळ्या सुरू केल्या. मग मंडळाचा इतिहास. मग मंडळाचं भविष्य. जिन्यावर मुलं या पायावरून त्या पायावर होऊ लागली. कुणी जांभई दिली, कुणी कठड्यावर नख ओढलं. आणि मग सर्वांत मागच्या एका पोरानं पुढच्याच्या कॉलरखालचं दोऱ्याचं टोक धरलं. नुसतं बघायला. थोडंसं ओढलं.

तुम्ही पोरं आहात. लोंबता दोरा एकदा हाताला लागला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याची पट्टी एका कडेनं सुटून जिभेसारखी लोंबली. मागे काय चाललंय ते कळताच त्यानंही आपल्या पुढच्याचा दोरा ओढला. चिंगी मधे होती. "घरी गेल्यावर, घरी गेल्यावर" म्हणून कुजबुजत होती, पण तोवर तिचाही दोरा गेला होता, आणि मग तिनंही पुढचीचा ओढला.

"आणि आता," अध्यक्ष म्हणाले, "आपली लेकरं."

मुलं मंचावर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "बाळांनो, पाठ करा." मुलं वळली.

ती लोकांकडे पाठ करून उभी राहिली म्हणजे माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. इतकी वर्षं मी त्यांचे कोट शिवत होते आणि चेहरे मला कधी कुणी दाखवले नव्हते. एकाचे पुढचे दात पडलेले होते. एकीच्या भुवईवर जुनी खोक होती. सगळ्यांनी ओठ गच्च दाबून धरले होते आणि हसू दाबल्यानं त्यांचे गाल थरथरत होते. मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळेल का माहीत नाही. पण त्या घटकेला माझ्या मनात कोणाबद्दलही वाईट नव्हतं.

त्यांच्या मागे हॉलमध्ये माना उंचावल्या. मग कुणीतरी फसकन हसलं. काही पाठींवर पट्ट्या शेपटांसारख्या लोंबत होत्या, काहींवर काहीच नव्हतं, आणि मुलं वळली तशा उरलेल्या पट्ट्या एकेक करून मंचावर गळून पडत होत्या. फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला आणि तसाच खाली ठेवला. अध्यक्षांच्या पायाशी एक पट्टी उताणी पडली होती. त्यांनी ती उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. माइक चालूच होता.

"मास्तर, हे काय काम आहे? पंचवीस वर्षांत असं कच्चं काम झालं नाही. कुणी शिवलं हे?"

तिसऱ्या रांगेत लेक उभी राहिली. मास्तरांना ती दिसली नसणार. ते पट्टीच्या कडेवरून बोटं फिरवत होते. टाक्यांची भोकं किती लांब लांब आहेत ते त्यांच्या बोटांना कळलं, आणि ती तशी का आहेत तेही कळलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हा माणूस आता लेकीचं नाव सांगेल, नाहीतर माझ्यावर ढकलेल, म्हणेल मशीन जुनी झाली, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

"मीच शिवलं, साहेब," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही, मास्तर."

"म्हणून तर इतकी वर्षं शिवलं." मग त्यांनी खुर्चीचा हात धरून उभं राहत चाचपडत जवळच्या मुलाचा खांदा धरला. "पण काम कच्चं नाही. बाही ओढून बघा. कॉलर ओढा. बटण ओढा. कोणी पण या, ओढून बघा. जे निघायला पाहिजे होतं तेवढंच निघालंय."

कुणी ओढायला गेलं नाही. अध्यक्षांच्या सौभाग्यवती पंख्यानं वारा घेत असल्यासारखा हातातला कागद हलवत होत्या, एवढ्या थंडीत. मागून कुणी टाळी वाजवली, एकच, आणि मग ती एकटी पडल्यामुळे थांबली. गावातली माणसं शूर असतात, पण दुसऱ्यानं सुरुवात केल्यावर.

अध्यक्ष खजील झाले असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. अशी माणसं खजील होत नाहीत, त्यांची गैरसोय होते. ते माइकमध्ये म्हणाले, "मास्तरांचं वय झालं, आपण समजून घेऊ," आणि सत्कार उरकून घेतला. मास्तरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला काटे दिसत नाहीत त्याला घड्याळ. मुलं मंचावरून उतरली आणि कोट अंगात घालूनच घरी गेली. हॉलबाहेर थंडी होती आणि कोणालाही कोट काढून हातात घ्यावासा वाटला नाही.

लेकीनं बापाला हात धरून मंचावरून उतरवलं.

"बाबा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू शिवलंस ते एकदा. मी किती वर्षं शिवत आलो." एवढं बोलून ते चालू लागले. मग थांबून म्हणाले, "टाका मात्र छान लांब घातलास. मला जमला नसता."

पुढच्या वर्षी मंडळाचं काम आमच्याकडे आलं नाही. अध्यक्षांनी शहरातून तयार कोट मागवले. अक्षरं शिवलेली नव्हती, कापडातच छापलेली. ओढून निघणार नाहीत अशी. पोरांनी ते कोट उलटे करून घातले, अस्तर बाहेर आणि अक्षरं आत. मी खिडकीतून ती उलटी वरात पाहिली. अध्यक्ष वखारीच्या दारात उभे होते. तेही पाहत होते. पण ते काय पाहत होते ते त्यांना कळलं असेल, असं मला वाटत नाही.

तो हिवाळा आमच्या घरी अवघड गेला, हेही सांगायला हवं. खऱ्या वागण्याचं फळ लगेच मिळतं असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील तर ते खोटं आहे. लेकीनं गाद्यांच्या खोळी शिवल्या, फाटक्या ताडपत्र्या शिवल्या आणि त्या ताडपत्र्यांवर माझ्या सुया मोडल्या. मास्तर दोन हिवाळ्यांनी गेले. हळूहळू गिऱ्हाइकं परत आली. माणसांना शेवटी कपडे शिवायचेच असतात. चिंगी मोठी झाली, पण तिला शिवण कधीच आवडलं नाही. ती दवाखान्यात परिचारिका झाली. लेकीनं पुढे विजेवर चालणारी मशीन घेतली. ती दिवसभर घर्रघर्र करते आणि स्वतःला फार समजते. मी मागच्या खोलीत भिंतीला लागून उभी आहे. पट्टा सैल झालाय, चाक जड झालंय, आणि माझ्यावर सध्या इस्त्रीचे कपडे ठेवतात.

आता माझ्याबद्दल घरात बोलणं चाललंय. कुणी म्हणतं भंगारात द्या, कुणी म्हणतं टेबल करा. चिंगी म्हणाली, दवाखान्यात एक आया आहे, तिला शिवायला शिकायचंय, तिला देऊन टाकू. मला हे मान्य आहे. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो, आणि ती तुम्हालाही लागू आहे, कारण तुम्हीही कधीतरी कुणाला काही द्याल. देण्याआधी माझ्या सांध्यांत तेल घाला. पट्टा बदला. गंजलेली सुई फेकून नवी बसवा आणि एखाद्या फडक्यावर चालवून बघा. मग मला तिच्या खोलीत उजेडाच्या बाजूला नेऊन ठेवा, "जड आहे, जपून" एवढंच सांगा आणि निघा. चहासाठीसुद्धा थांबू नका.